चैत्रात मोजलेलं गवत

आई,

तुला वाचता येत नव्हतं. त्यामुळे तू असतीस तरी हे पत्र मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तुझ्यासमोर बसून मी यातलं निम्मंसुद्धा वाचलं नसतं. तुला फक्त आकडे येत होते. तेही तुझ्या कामाच्या संशोधन केंद्रावरच्या कागदी पिशव्यांवर नंबर घालावे लागायचे म्हणून शिकलीस. आज सोमवार आहे. मी दुपारनंतरची रजा टाकून जुळे सोलापुरातल्या माझ्या फ्लॅटवर आले आहे आणि जेवणाच्या टेबलाशी बसले आहे. दोन वाजून दहा मिनिटं झाली आहेत. साडेपाचपर्यंत तहसील कचेरीत एक कागद पोचायला हवा. इथून स्कूटीवर वीस मिनिटांचं अंतर आहे. कागद आपल्या गावच्या माळाबद्दल आहे, आणि तो मी द्यायचा आहे. मामा एव्हाना कचेरीच्या आवारात येऊन बसला असेल. माळ सरकारी यादीत 'पडीक' म्हणून जाणार आहे. तिथे सोलरच्या पट्ट्या बसतील, कुंपण पडेल. हरकत घ्यायला गावाला तीस दिवस होते. त्यातला आजचा शेवटचा.

क्रमानं सांगते.

मी नऊ वर्षांची आहे. दिवाळीची सुट्टी लागली आहे आणि घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून तू मला बरोबर नेलं आहेस. कोरडवाहू शेतीचं संशोधन करणारं ते केंद्र गावापासून दोन मैलांवर, आणि तू तिथे रोजंदारीवर. केंद्राची काही पाहणी आपल्या गावच्या माळावरही चालायची. त्या दिवशी आपण तिथेच आहोत. पवना गवत माझ्या कमरेच्या वर आलं आहे, कुसळं परकराला चिकटून टोचतायत. तुझ्या खांद्यावर लोखंडी सळीची चौकट आहे, मीटरभर लांब, मीटरभर रुंद. ती फेकायची, जिथे पडेल तिथलं आतलं गवत विळ्यानं मुळापाशी कापायचं, पिशवीत भरायचं, पिशवीवर नंबर घालायचा आणि पुढे चालायचं. दिवसभर एवढंच काम. मी हट्ट करते, मला फेकू दे. तू देतेस. मी चौफेर बघते, दाट मारवेलीचा एक पट्टा निवडते आणि दोन्ही हातांनी चौकट नेमकी तिथे टाकते. तू लगेच कापायला बसत नाहीस. माझ्या डोक्यात एक टपली बसते.

"बघून टाकलीस व्हय गं?"

"तितं चांगलं हाय म्हणून."

"मग तुज्या चांगल्याचं वजन निघंल. माळाचं कसं निघंल?"

तू मला खांद्याला धरून उलटं फिरवतेस. डोळे झाकायला लावतेस. "आता टाक मागं." चौकट खणकन दगडावर पडते. आत मुरुम आणि पिवळ्या पडलेल्या तीन काड्या. मला रडू येतं. तू त्या तीन काड्या विळ्यानं नीट कापतेस, पिशवीत घालतेस, पिशवीवर नंबर लिहितेस. तीन काड्यांसाठी आख्खी पिशवी. पुढे कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला हीच गोष्ट मला फळ्यावर चिन्हं काढून शिकवली गेली, दोन तास. मी वहीत काही लिहून घेतलं नाही. सरांना वाटलं माझं लक्ष नाही.

त्याच दिवाळीतला आणखी एक दिवस आठवतो. वीज गेलेली आहे आणि केंद्रावरची वाळवायची भट्टी बंद आहे. ओलं गवत पिशवीत दोन दिवस राहिलं तर बुरशी धरतं आणि आठवड्याचं काम फुकट जातं. तू कुणाला न विचारता पिशव्या गोणीत भरून घरी आणतेस. चुलीवर तवा, खाली मंद जाळ, आणि तू एकेका पिशवीतलं गवत उलथन्यानं हलवतेयस, भाजत नाहीयेस, नुसतं शेकतेयस. थोड्या थोड्या वेळानं केंद्रावरच्या स्प्रिंगच्या काट्याला टांगून बघतेस. घरभर वाळक्या गवताचा गोड वास. मामा दारातून वाकून बघतो.

"अक्का, आज गवताची भाजी व्हय? मग माज्या मेंढरांनी काय खायाचं?"

"ये की तू बी जेवायला. तुज्यात न् मेंढरात काय फरक हाय?"

"हाय की. मेंढरू मीठ कमी म्हनत न्हाई."

मी तुला विचारते, वाळलं हे कसं कळतं. तू म्हणतेस, काटा उतरायचा थांबला की वाळलं, त्याच्या आधी न्हाय. आमच्या पुस्तकात याची दीड ओळीची व्याख्या आहे. तुझ्या वाक्यात काही बदल करावा असं मला अजून सापडलेलं नाही.

गाव माळ कसा राखायचं ते तुला माहीत आहे, पण मला ते लिहायचं आहे, कारण ते मी जिथे लिहायला हवं होतं तिथे लिहिलं नाही. आषाढात बेंदूर झाला की माळ बंद. एकही जनावर वर जायचं नाही. गवत वाढायचं, फुलायचं, बी जमिनीवर सांडायचं. भाऊबीज झाल्यावर तिसऱ्या दिवशी माळ सुटायचा, आणि त्या दिवशी पहिली पात, कापणीचा पहिला पट्टा, ज्यांच्या घरात जमीन नाही त्यांची. बाकीचे विळे घेऊन बांधावर उभे राहायचे. तू, तेलिणीची सून आणि दोन म्हाताऱ्या, एवढ्याच जणी ओळीनं कापत पुढे जायच्या. तुमच्या पाती कापून झाल्या की मग गाव माळावर उतरायचं, त्यामागून मेंढरं. वडील गेल्यावर तू मला घेऊन माहेरी आलीस तेव्हा तुझ्याकडे एक म्हैस होती आणि गुंठाभरही जमीन नव्हती. ती म्हैस त्या पहिल्या पातीवर वर्ष काढायची. माझी दहावी, बारावी, वसतिगृहाची पेटी, सगळं त्या म्हशीच्या दुधातून आलं. सातबाऱ्यावर यातलं काहीच दिसत नाही. दिवाळी ते माघ मेंढरं माळ खाऊन साफ करायची आणि मग मेंढरंवाले नदीकडच्या बागायतीत निघून जायचे, उसाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला. परत यायचे ते ज्येष्ठात. मधले महिने माळावर फक्त दगड.

मी दुसऱ्या वर्षाला असताना तू गेलीस. कावीळ. अकरा दिवस. माझी परीक्षा संपेपर्यंत मला कळवू नका असं तू सांगितलं होतंस, आणि मामानं ते ऐकलं. त्याबद्दल मी तुम्हा दोघांशी कधी काही बोलले नाही. आताही बोलत नाही.

मी शिकले. आता मी एका खासगी संस्थेत काम करते. सरकारी खात्यांना गावोगावच्या जमिनींची पाहणी करून अहवाल देणं हा आमचा धंदा. कुठली जमीन कशाच्या लायकीची, तिच्यावर किती कुटुंबं जगतात, तिथे काय करता येईल. उपग्रहाची चित्रं, मातीचे नमुने, गवताचं वजन. मी हे चांगलं करते. माझे तक्ते परत येत नाहीत. गेल्या माघात एक काम आलं: जिल्ह्यातल्या गायरानांची आणि माळांची प्रतवारी, अहवाल मार्चएंडच्या आत. गावांच्या यादीत आपल्या गावाचं नाव सातवं होतं. ते माझं गाव आहे असं मी बैठकीत सांगायला हवं होतं, म्हणजे ते काम दुसऱ्या कुणाकडे गेलं असतं. मी काही बोलले नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, चैत्र लागता लागता, मी आपल्या माळावर गेले. संस्थेची जीप, दोन मजूर, आणि मी. जीप मी गावातून नेली नाही, पलीकडच्या खडीच्या रस्त्यानं वर चढवली. तोंडाला स्कार्फ बांधला होता. ऊन लागतं म्हणून, असं मी तेव्हा धरून चालले होते. मेंढरं नदीकडे गेलेली, मामाही त्यांच्याबरोबर. माळावर कुणीच नव्हतं. मी चौकट चोवीस वेळा फेकली. प्रत्येक वेळी पाठ करून, डोळे मिटून. प्रत्येक काडी मुळापाशी कापली. काटा उतरायचा थांबेपर्यंत वाळवली. तुझ्या केंद्रावर याहून नेटकं काम कुणी केलं नसेल. पिशव्या जवळजवळ रिकाम्या होत्या. 'वार्षिक चारा उत्पादन' असं रकान्याचं नाव होतं. त्याखाली मी आलेलं वजन लिहिलं.

उपग्रहाचंही तसंच. ज्या महिन्यांत माळ हिरवा असतो त्याच महिन्यांत वर ढग असतात. उन्हाळ्यात आकाश स्वच्छ असतं, म्हणून आम्ही उन्हाळ्याची चित्रं घेतो, आणि उन्हाळ्यात माळ राखाडी दिसतो. पण कार्तिकातलं एक चित्र स्वच्छ मिळालं होतं. ते मी उघडून बघितलं होतं. त्यात पट्टेसुद्धा ओळखू येत होते, कापलेले आणि उभे. कार्तिकाचं फक्त एकाच गावाचं घेतलं तर बाकी गावांशी तुलना जुळत नाही, असं कारण लिहून मी ते बाजूला ठेवलं. कारण बरोबर आहे. कुणालाही विचार.

पहिल्या मसुद्यात मी एक ओळ घातली होती: ही नोंद चराईनंतरच्या शिल्लक गवताची आहे, दिवाळीनंतर मोजणी पुन्हा व्हावी. आमच्या प्रमुखांनी ती वाचली. ते वाईट माणूस नाहीत. खुर्ची मागे रेलून म्हणाले, "मॅडम, ही ओळ अशीच पुढे गेली की खातं पूर्ण अहवाल परत पाठवेल. नोव्हेंबरमध्ये पुन्हा पंधरा गावं फिरायची? कोण फिरणार?" मग ते म्हणाले, "तुम्ही बघा. तुमचा विषय आहे." त्यांनी ओळ खोडली नाही. मी जागेवर आले आणि मीच ती काढली. पाहणीची तारीख परिशिष्टात आहे, माझ्या सहीच्या तक्त्यांवर. परिशिष्ट कुणी वाचत नाही.

गुरुवारी सकाळी मामा आला. खाली वॉचमननं अडवला म्हणून मी जाऊन वर आणला. त्याच्या हातात अहवालाची झेरॉक्स होती, पंचायतीच्या भिंतीवर लावलेली, कुणीतरी काढून दिलेली. परिशिष्टाशिवायची. मी सोलापुरात जमिनीचं काहीतरी कम्प्युटरवर करते एवढंच त्याला माहीत आहे. खुर्चीवर न बसता तो फरशीवर बसला.

"हे जरा वाच की पोरी. मास्तरानं वाचलं, पर त्येला बी उमजंना."

मी वाचलं. माझंच मराठी मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. 'सदर क्षेत्रावरील चारा उत्पादन नगण्य असून कोणतेही कुटुंब त्यावर प्रत्यक्ष अवलंबून असल्याचे आढळले नाही.'

"नगण्य म्हंजी?"

"म्हणजे नसल्यासारखं."

"आन् हे कवा मोजलं?"

"मार्चमध्ये."

तो हसला. खरंच हसला, तंबाखूनं काळे पडलेले सगळे दात दिसेपर्यंत. "आगं, जेवन झाल्यावर ताट घासून पालथं घातल्यालं, आन् ह्यो बाबा दारात येऊन म्हनतोय, हितं कुनी जेवलंच न्हाय! कुनी मोजलं गं हे? शिकल्यालं हाय का न्हाय?"

"शिकलेलंच असणार."

"मग शिकून येडं झालंय." तो माझ्या बाल्कनीतल्या कुंड्यांकडे बघत होता. "आन् सोलर कशाला माळावर? सूर्य काय आमच्याच गावात उगवतोय व्हय? मेंढरं कुटं घालू मी? बेंदूर ते दिवाळी आमी पोटाला चिमटा काढून माळ राखतो, आन् ह्यांच्या कागदावर त्यो पडीक. राखल्यालं रान पडीक?"

मी चहा केला. तो बशीत ओतून पीत म्हणाला, "तू एक कागद दे. तुज्या नावाचा, डिग्रीचा. गवत दिवाळीला मोजत्यात, येवढंच लिव्ह. हापिसातला क्लार्क म्हनला, आडान्याची हरकत त्यो फायलीला लावील, पर तज्ञाचं पत्र आसलं तर अहवालाशेजारी ठिवून सायबाला दाखवावंच लागतंय. सोमवारी शेवट. येशील न्हवं?"

"बघते मामा."

"बघती काय? तुज्या आईनं सायबाला तोंडावर सांगितलं असतं."

ते त्यानं तुझं कौतुक म्हणून म्हटलं, मला लागावं म्हणून नाही. जाताना दारात वाकून चपला घालताना त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याच्या हाताला लोकरीचा, डिंकासारखा वास.

कागद शनिवारीच तयार झाला. चार ओळी आहेत. मोजणी चराईनंतर झाली. त्यावरून वार्षिक उत्पादन काढता येत नाही. मेंढपाळ कुटुंबं त्या काळात स्थलांतरित असल्यानं त्यांची नोंद राहून गेली. दिवाळीनंतर फेरमोजणी व्हावी. शास्त्र म्हणून त्यात चूक नाही. खाली माझं नाव आणि पदवी आहे, त्याखाली सहीची जागा. प्रिंट चांगली आली आहे. कागद टेबलावर माझ्या डाव्या हाताला आहे.

साडेतीन वाजता मामाचा फोन आला, मी उचलला नाही. साडेचारला आला. पाचला आला. मग आला नाही. खालच्या रस्त्यावर शाळेच्या रिक्षा येऊन गेल्या. मी हे लिहीत होते. वरचा माळाचा परिच्छेद मी दोनदा लिहिला, कारण पहिल्यांदा पातीबद्दल लिहायचं राहिलं होतं.

आता सहाला दहा कमी आहेत. पुन्हा फोन आला आणि मी उचलला.

"हापिस सुटलं न्हाय व्हय पोरी?"

"मीटिंग लांबली, मामा."

"आसू दे, आसू दे. परक्याची चाकरी, तुजी काय चूक. दिली की म्या हरकत. भाईर लिंबाखाली टायपिंगवाला बसतोय, त्येला म्हनलं लिव्ह, माळावर गवत असतंय, दिवाळीला या, दावतो. क्लार्क वाचून हसला. पर शिक्का मारला त्येनं."

"बरं केलंस."

"कशाचं बरं. फायलीला लागंल आन् बसंल. दोन सालात मेंढरं इकून टाकायची, दुसरं काय." मागून एसटीचा हॉर्न ऐकू आला. "जेवलीस का न्हाय? आवाज बारीक का झालाय तुजा?"

मी जेवले म्हणाले. त्यानं मीटिंगसुद्धा लगेच खरी धरली होती, जेवणही धरलं.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून एवढं लिहिते. मला पुढे कुणी विचारलं तर मी नोकरीचं कारण सांगेन आणि ते लोकांना पटेल. पण नोकरी गेली नसती. अशी शुद्धिपत्रं निघतात, प्रमुखांनी दोन दिवस तोंड वाकडं केलं असतं आणि विसरले असते. कचेरीतल्या प्रतीला परिशिष्ट आहे. क्लार्क माझा कागद अहवालाशेजारी ठेवणार होता, मामाच्या समोर, आणि दोन्हीकडे एकच सही दिसली असती. माळ जातो तर जाऊ दे, पण हे मामाला कळायला नको, असं मी दुपारी रजेचा अर्ज भरतानाच ठरवलं होतं.